पाण्यातलं आभाळ

यशा, तुझा नकाशा माझ्या घरी आला आहे. परवा सुजाता रिक्षाने आली, उंबऱ्यातच गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, बाबांनी सगळं पुरं केलंय. फक्त तुमची सही राहिलीय. रविवारी पुण्यानुमोदनाला विहारात लावायचा आणि मग वाडीच्या वाचनालयात कायमचा." चहा घे म्हटलं तर नको म्हणाली. तू गेल्याला अकरा दिवस झाले, तेवढ्यात तुझ्या लेकीचे डोळे किती खोल गेलेत. तिची रिक्षा वळली तेव्हा मी गुंडाळी उघडली. उजव्या खालच्या कोपऱ्यात, तुझ्या कचेरीच्या रिवाजाप्रमाणे, दोन चौकटी. 'काढणार' ह्या चौकटीत तुझी सही. 'तपासणार' ह्या चौकटीत माझं नाव तूच घोटीव अक्षरात लिहून ठेवलेलं, आणि खाली सहीपुरती जागा कोरी.

ती सही मला करता येत नाही. का, ते सुजाताला सांगायचं धाडस होत नाही, म्हणून आधी तुला सांगतोय. तुझा नकाशा उलटा आहे, यशा. आभाळ आरशात बघावं तसा. त्यामुळे त्यावरची तुझी बहुतेक नावं चुकीच्या ताऱ्यांवर जाऊन बसली आहेत. आणि हे मला गेल्या कार्तिकापासून माहीत होतं.

लिहून झालं. आता घाल शिव्या. साठ वर्षं घालत आलास, आजच तोंड मिटून बसलायस.

रविवारी लोक उभे राहून तुझी नोकरी सांगतील, तुझी चळवळ सांगतील, वाचनालयासाठी तू दारोदार फिरलास ते सांगतील. सगळं खरं आहे. मी त्यातलं काही सांगणार नाही. माझी बायको गेली तेव्हा तू महिनाभर रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसायचास आणि एक अक्षर न बोलता माझ्या घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढून जायचास, हेही मी तिथे सांगणार नाही. लोकांना त्यात काय कळणार? घरात तेव्हा पेन्सिली किती होत्या आणि नंतर किती बोटभर उरल्या, ते मला माहीत आहे.

मी भूगोलाचा मास्तर झालो आणि तू नकाशांच्या कचेरीत ट्रेसर. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर फाटका गावनकाशा, त्यावर ट्रेसिंगचं कापड, आणि त्यावर तेहतीस वर्षं वाकलेला तू. मुळात नाही ते घालायचं नाही, मुळात आहे ते गाळायचं नाही, हा तिथला नियम. तुझ्याच गावचा नकाशा एकदा तुझ्या टेबलावर आला. बाकी वाड्यांना नावं होती, विहिरींना होती, एका वडालासुद्धा होतं. तुझ्या वाडीच्या जागी नुसतं 'वस्ती' लिहिलेलं. तू ते तसंच्या तसं उतरवलंस. संध्याकाळी माझ्याकडे आलास नि म्हणालास, "आज माझ्या हाताने माझी वाडी निनावी ठेवून आलो रे, मास्तर." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी शहाणपणाचं बोललो असेन, दुसरं काय.

तो परदेशी कागद मी तुला निवृत्तीला दिला. मुंबईत जुन्या कागदांच्या एका दुकानात मिळालेला, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा तारकांचा नकाशा. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. प्रत्येक तारकासमूहावर चित्र. सोटा उगारलेला शिकारी, पुढचंच अर्धं अंग असलेला बैल, मागचाच अर्धा भाग असलेलं गलबत. तू भिंग घेऊन तासभर बसलास आणि पहिला शेरा मारलास, "अस्वलाला एवढी लांब शेपटी? ह्या मेल्याने जन्मात अस्वल बघितलेलं नाही." मग म्हणालास, "आणि ह्या गलबताचा पुढचा भाग कुठे गेला? त्याच्यावर बसलेली माणसं कुठे गेली?" मी हसलो होतो. तू हसला नव्हतास.

आठवडाभराने दारात उभा. "मास्तर, ह्यांनी आभाळाची वाटणी करून आपापली जनावरं बांधून टाकलीत. आपल्या दर्यावरची माणसं काय डोळे मिटून होड्या हाकत होती? त्यांची पण ताऱ्यांना नावं असणार. ती कुणी लिहिलीत?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग मी लिहितो. इथे मला कोण सांगणार आहे, मुळात नाही ते घालू नको म्हणून?"

तोच कागद खाली ठेवून तू तारे उतरवायला घेतलेस, आणि त्यावरच्या चित्रांवरून आपण तीन महिने भांडलो. तुला ती पार काढून टाकायची होती, नुसते तारे ठेवायचे होते. मी म्हणत होतो, चित्रं राहू देत, तोही इतिहास आहे. शेवटी तू ती पुसट तुटक रेषेत ठेवलीस आणि "तुझ्या हट्टापायी आभाळात गोठा राहिला" असं वर्षभर ऐकवलंस. ह्या बाबतीत माझंच बरोबर होतं असं मी आजही म्हणणार होतो. पण त्या चित्रांनीच माझं पितळ उघडं पाडलं.

तुला आठवतं, तू विचारलं होतंस, "हे सगळे पाठमोरे का रे काढलेत? शिकाऱ्याची पाठ, त्या बाईची पाठ, जुळ्या पोरांची पाठ. एकाचं तोंड नीट दिसत नाही." मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही एवढं म्हणायला काय जात होतं? पण मी मास्तर. मी म्हटलं, "ते देवाकडे तोंड करून उभे असतात, अशी त्या काळची समजूत." तू लगेच म्हणालास, "म्हणजे त्यांच्यातही आपण मागच्याच रांगेत." आणि ते माझं थापेबाज उत्तर तू खरं मानून वहीत लिहून घेतलंस.

दुसरं मी तुला शिकवलं ते ह्याहून वाईट. आकाशाच्या नकाशात पूर्व डाव्या हाताला असते, कारण आपण जमिनीवरून वर बघत असतो. हे खरं आहे, मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. पण जुने नकाशे काढायची दुसरीही एक तऱ्हा होती. आभाळ म्हणजे एक मोठा गोल धरायचा आणि आपण त्याच्या बाहेर उभे आहोत असं समजून त्याचं चित्र काढायचं. मग पूर्व उजवीकडे जाते आणि आतल्या माणसांची पाठ आपल्याला दिसते. तो कागद त्या तऱ्हेचा होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला मी, ते दुसरं अर्धं मला माहीतच नव्हतं. ती चित्रं देवाबिवाकडे बघत नव्हती, यशा. ती खाली आपल्याकडेच तोंड करून होती.

शनिवारी सकाळी पावसवरून जाणारी एस्टी धरून नाटे बंदरात ताऱ्यांची नावं विचारायला जायचं, हा आपला दोन वर्षांचा नेम झाला. गंगाराम तांडेल खळ्यात जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसलेला असायचा. पन्नास वर्षं होडी हाकलेला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, पण डोकं शाबूत. पहिल्या दिवशी तू नकाशा त्याच्यासमोर पसरलास. तो कागदाला नाक लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यां आभाळ वरचां न्हाय. ह्यां पाण्यात पडलेलां आभाळ हाय."

किती खूश झालो आपण! एस्टीत परतताना तू म्हणालास, काय बोलला बघ म्हातारा, ह्याला म्हणतात कवी. मीही मान डोलावली. त्याने आपल्याला रोखठोक चूक दाखवली होती आणि आपण दोघे सुशिक्षित त्याला दाद देत बसलो.

त्यानंतर त्याने कागदाकडे बघणं सोडलं. डोळे मिटायचा, हात हवेत धरायचा आणि तोंडपाठ सांगायचा. "तिकांड्यापासून उगवतीकडे वीतभर ये. तो राखण्या. सगळ्यांत तेज. त्याच्यावरून मूठभर वर, मावळतीला, तो आळशी." आणि तू कागदावर तिकांड्यापासून, म्हणजे मृगातल्या त्या तीन ताऱ्यांपासून, वीत मोजत उगवतीकडे जायचास, म्हणजे मी शिकवल्याप्रमाणे डावीकडे, म्हणजे खरं तर मावळतीकडे. तारल्यांचा घोळका, दोघी जावा, बुडत्याचा हात, मागे राहिलेला. एकेक नाव मिळालं की तू लहान पोरासारखा माझ्याकडे बघायचास. त्रेसष्ट नावं मिळवलीस. "आता कोण वर बघतां?" तांडेल म्हणायचा. "नातवंडां होडीवरच्या त्या जीपीएसच्या डब्यात बघतत नि जातत. डब्यात सगळां दिसतां, फकस्त आभाळ दिसत न्हाय."

वर तर तूही बघत नव्हतास, कारण तुझी मान. तेहतीस वर्षं खाली घालून ती तशीच धरली होती, पट्टा लावूनसुद्धा तुला पंख्याच्या वर काही दिसत नव्हतं. म्हणून आपली वाटणी ठरली होती. तू काढायचं, मी किनाऱ्यावर जाऊन ताऱ्यांशी ताडून बघायचं. दर सोमवारी तुझा फोन. "मास्तर, बघितलंस?" आणि माझं उत्तर, "बघितलं. बरोबर आहे."

एकदाही गेलो नाही मी. कधी गुडघा, कधी ढग, कधी आळस. पडवीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. एकदा तू खोदून विचारलंस, "तांडेल म्हणतो राखण्या सगळ्यांत तेज, आणि कागदावर तिथे तर बारीक ठिपका आहे. नीट बघून सांग रे." मी म्हटलं, "बघितलं. म्हाताऱ्याचा मोतीबिंदू आहे, त्याचं काय धरून बसतोस?" हे वाक्य मी बोललो. स्वच्छ आठवतंय. तेव्हा पाटावर बसून आंबा चोखत होतो.

कार्तिकात एका सकाळी पेपरात त्या महिन्याच्या आकाशाचं चित्र आलं. सहज बघत होतो. कृत्तिका, आणि तिच्या डाव्या हाताला रोहिणी. तुझ्या नकाशात रोहिणी उजव्या हाताला होती, कारण त्या कोपऱ्यावरून आपलं भांडण झालं होतं, तो मला पाठ होता. मी उठलो, पेपर खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि मागच्या बाजूने बघितला. तुझा नकाशा. तंतोतंत. चहा तसाच राहिला आणि वर साय धरली.

त्या दिवशी फोन उचलला असता तर काय झालं असतं? तू पाच मिनिटं मला झोडलं असतंस. मग हसला असतास. मग वही काढून, तांडेलाने कुठून कुठे जायला सांगितलं होतं ते बघून, आठवड्याभरात सगळी नावं जागच्या जागी नेली असतीस. जिथे शंका आली असती तिथे आपण शनिवारची एस्टी धरली असती. तांडेल जिवंत होता. वही होती. तू होतास. मी मूग गिळून बसलो.

का? दोन दिवस ह्याच प्रश्नावर डोकं आपटतोय. तू माझ्याहून चांगली चित्रं काढायचास, चांगलं बोलायचास, माणसं तुझ्याभोवती जमायची. तुझ्यापुढे माझ्याकडे एकच गोष्ट होती, मला आभाळ कळतं. तू मास्तर म्हणायचास ते मला हवं असायचं. तेवढ्यासाठी, यशा. दुसरं कारण सापडलं असतं तर बरं झालं असतं.

शिमग्याआधी तांडेल गेला. आपण दोघे गेलो होतो. परतताना एस्टीत तू म्हणालास, "बरं झालं, सगळं लिहून घेतलं. नाहीतर सगळी नावं त्याच्याबरोबर गेली असती." मी खिडकीबाहेर बघत होतो. बैल गेला नि झोपा केला म्हणतात. मी तर बैल गेल्यावरही झोपा केला नाही, कारण तरीसुद्धा वही शिल्लक होती.

आणि मग चैत्रातली ती सकाळ. "पक्का नकाशा झाला, बघायला ये" म्हणून फोन केलास. मी आलो. नकाशा सुंदर झाला होता, इतका सुंदर की मला तिथेच रडू आलं, आणि तू ते भलत्याच कारणाचं समजलास. तुझी मान शेकायला गरम पाणी लागायचं म्हणून मागीलदारी बंब पेटलेला. तू वही घेऊन उठलास. कचेरीचा रिवाज, पक्कं झालं की कच्चं ठेवायचं नाही. एका गावाचे दोन नकाशे राहिले की भांडणं लागतात, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस. तू एकेक पान फाडत होतास आणि बंबात सोडत होतास. 'उगवतीकडे वीतभर' लिहिलेलं एक पान माझ्या डोळ्यांसमोर काळं पडलं. मी कपबशी धरून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं होतं माझं, शपथ. तू वळून म्हणालास, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही. धूर गेला डोळ्यांत."

सही नंतर करतो म्हणून निघून आलो. त्यानंतर तू चारदा फोन केलास. "ये नि सही कर, मग पेढे आणतो." पुढच्या आठवड्यात, म्हटलं मी. पुढच्या आठवड्यात सुजाताचा फोन आला.

परवापासून मी वेड्यासारखा त्या त्रेसष्ट नावांशी झटतोय. काल संध्याकाळी प्रथमच भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो, नकाशाची झेरॉक्स पालथी धरून, मागून बॅटरी लावून. तिकांडं समुद्राकडे कललं होतं आणि त्याच्या डावीकडे वर व्याध लखलखत होता. तोच राखण्या, आंधळ्यालाही दिसेल असा. दोघी जावा सापडल्या. उत्तरेला सप्तर्षींचं खाटलं सापडलं. ज्यांचा आकारच सांगतो अशी नऊ नावं मी छातीठोक सांगू शकतो. पण बुडत्याचा हात कुठला? मागे राहिलेला कुठल्या ताऱ्याच्या मागे राहिला होता? कुठलं नाव तू आकारावरून लावलंस आणि कुठलं विती मोजून, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? मी तिथे मोठ्याने तुला हाका मारल्या. वाळूत भेळ खाणारं एक कुटुंब उठून लांब जाऊन बसलं.

आज दुपारी सुजाता नकाशा न्यायला आली. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, तुला सांगितलं त्याच क्रमाने. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे बाबांचं सगळं चुकलं?"

"तुझ्या बाबाचं काही चुकलं नाही. मुळात होतं ते त्याने उतरवलं. बघून सांगायचं काम माझं होतं."

"आणि तुम्ही बघितलं नाही."

"नाही."

"वही जाळली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिने गुंडाळी जवळ ओढली. मग म्हणाली, "त्या दिवशी बंब मी पेटवला होता, काका."

मला वाटलं, आता उठून जाईल. गेली असती तर मी अडवली नसती. पण तिने नकाशा माझ्या टेबलावर उलगडला, चार कोपऱ्यांवर माझीच पुस्तकं ठेवली आणि पेन पुढे केलं. "नावं तांडेलांची आहेत. ती पुसायची नाहीत. जे खरं आहे ते तुम्ही तुमच्या चौकटीत लिहा. लोक वाचू देत."

अक्षर वाईट आलंय, तुझ्या अक्षराशेजारी ते शोभत नाही. लिहिलं, 'मूळ कागद आरशातल्यासारखा उलटा. नऊ नावं तपासली. बाकीची मी तपासली नाहीत.' खाली सही केली.

सुजाताने वाचलं. शाई वाळेपर्यंत थांबली. मग बोट ठेवून म्हणाली, "तारीख राहिली. बाबा तारखेशिवाय कागद हातात घ्यायचे नाहीत."

मी आजची तारीख घातली. कार्तिकापासून चैत्रापर्यंतची, वही होती तोवरची, कुठलीही चालली असती, यशा.